ऑनलाइन घेतलेली कारची बॅटरी बिघडली: वॉरंटीचा दावा कसा करायचा

बॅटरीच्या वॉरंटीचे दावे बहुतेक वेळा दोनच जागी अडतात. हातातल्या बॅटरीचा नंबर आणि तुमच्याकडचं बिल यांची सांगड घालता येत नाही, ही पहिली जागा. तपासणीत बॅटरी बिघडलेली न निघता फक्त उतरलेली निघते, ही दुसरी. कंपनीची हमी असते ती निर्मितीतल्या दोषाची. केबिनचा दिवा रात्रभर चालू राहिला किंवा अल्टरनेटर पुरेसं चार्जिंग देत नाही, म्हणून बसलेली बॅटरी त्यात धरत नाहीत. ती चार्ज करून तुम्हाला परत दिली जाते, वर चार्जिंगचे पैसेही लागू शकतात. म्हणून खरं काम आहे ते फोन करायच्या आधी.

पुढची माहिती पेट्रोल-डिझेल-सीएनजी गाड्यांच्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीबद्दल आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या लिथियम पॅकचं प्रकरण वेगळं असतं.

दावा कोणाकडे जातो

ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या ठिकाणी घेतलेल्या बॅटरीला दोन वेगवेगळी संरक्षणं असतात. डिलिव्हरीनंतरचे पहिले काही दिवस परतीची किंवा बदलून देण्याची मुदत चालू असते. ती किती, हे ऑर्डरच्या पानावर लिहिलेलं असतं. खोक्यातून ॲसिड गळतंय, कवचाला तडा आहे, टर्मिनल वाकलंय, चुकीचं मॉडेल आलंय अशी तक्रार याच मुदतीत आणि त्या ॲपमधूनच करायची. ही मुदत उलटून गेल्यावर ‘प्रवासात फुटली’ असं सांगितलं तर कंपनी ऐकत नाही, कारण बाहेरून झालेली इजा वॉरंटीत येत नाही. मुदत संपली की दावा थेट बॅटरी बनवणाऱ्या कंपनीकडे जातो.

कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा घरी येऊन बॅटरी बसवून देणाऱ्या सेवेतून घेतली असेल, तर काम सोपं. बसवायला जो डीलर आला त्याच्या नोंदीत नंबर आणि तारीख असते, तिथूनच सुरुवात करा.

खरी अडचण येते ती तिसऱ्या प्रकारात. वेबसाइट एकाची, बिल दुसऱ्याचं, माल तिसऱ्या गावच्या गोदामातून आलेला. अशा वेळी बिलावरचा विक्रेता त्या कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का, हे कंपनीला विचारून घ्या. आणि ऑर्डरच्या पानावर ‘मॅन्युफॅक्चरर वॉरंटी’ लिहिलंय की ‘सेलर वॉरंटी’, तेही पाहा. ‘सेलर वॉरंटी’ असेल तर बॅटरीवर नाव कोणाचंही असो, बदलून द्यायची जबाबदारी त्या विक्रेत्याची. कंपनीच्या केंद्रात खेटे घालून काही मिळत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका: बॅटरी खोक्यात भरून साध्या कुरिअरने परत पाठवू नका. ॲसिड भरलेली बॅटरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत धोकादायक माल म्हणून ‘यूएन २७९४’ या क्रमांकाखाली येते. परत न्यायची असेल तर विक्रेत्यानेच पिकअप ठरवायला हवं. नाहीतर जवळच्या अधिकृत केंद्रात ती उभी ठेवून न्या.

कागद आणि नंबर

मालिका क्रमांक बॅटरीवर स्टिकरच्या, कोरीव अक्षरांच्या किंवा क्यूआर कोडच्या रूपात असतो. कोरीव अक्षरांवर धूळ साचलेली असते. ओल्या फडक्याने पुसा आणि तिरपा उजेड पाडून फोटो काढा. स्टिकर सोलू नका, खरवडू नका. खाडाखोड केलेला नंबर हे दावा फेटाळायचं सगळ्यात सोपं कारण आहे.

आता बिल उघडा. ऑनलाइन बिलांची नेहमीची खोड म्हणजे त्यावर मॉडेल असतं, मालिका क्रमांक नसतो. तसं असेल तर विक्रेत्याला ॲपमधूनच लेखी विचारा: ‘या ऑर्डरमध्ये पाठवलेल्या बॅटरीचा मालिका क्रमांक अमुक आहे, याला दुजोरा द्या.’ उत्तर आलं तर ते बिलाइतकंच कामाला येतं. डिलिव्हरीच्या दिवशी खोकं उघडतानाचा व्हिडिओ असेल आणि त्यात नंबर दिसत असेल तर उत्तमच.

एवढं जमवून ठेवा: जीएसटी क्रमांक असलेलं बिल, वॉरंटी कार्ड किंवा ऑनलाइन नोंदणीचा संदेश, गाडीच्या आरसीचा फोटो, बॅटरीचा समोरून आणि वरून फोटो, मालिका क्रमांकाचा जवळून फोटो आणि गाडीचं रीडिंग.

बॅटरी घेतल्यावर वॉरंटीची नोंदणी केली नव्हती? नोंदणी आणि बिल दोन्ही नसेल, तर बऱ्याच कंपन्या मुदत विक्रीच्या तारखेऐवजी कारखान्यातल्या तारखेपासून मोजतात. गोदामात चार-सहा महिने पडून राहिलेला माल ऑनलाइन सर्रास येतो, तेव्हा हा फरक छोटा नाही. बिल सापडत नसेल तर ॲपमधल्या जुन्या ऑर्डरमधून ते पुन्हा डाउनलोड करता येतं. निदान ऑनलाइन खरेदीचा एवढा तरी फायदा आहे.

फोनच्या आधी: मल्टिमीटर आणि अर्धा तास

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना चुकून दोन टर्मिनलना एकदम टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी पडते. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी-सिगारेट, काडी नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने ती साफ करा आणि क्लॅम्प हाताने हलवून पाहा. क्लॅम्पसाठी बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. ढिला क्लॅम्प आवळल्यावर गाडी सुरू झाली, तर दाव्याचा प्रश्नच मिटला.

पहिलं माप, म्हणजे बॅटरीच्या दोन टर्मिनलमधलं व्होल्टेज, गाडी रात्रभर बंद ठेवल्यावर, सकाळी दार उघडायच्या आधी नाही तर निदान इग्निशन लावायच्या आधी घ्या. गाडी नुकतीच चालवली असेल तर आकडा फुगलेला दिसतो. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे पाव. ११.८ च्या खाली ती पूर्ण उतरलेली आहे.

१०.५ च्या जवळपासचा आकडा मात्र वेगळी गोष्ट सांगतो. आत सहा सेल असतात, प्रत्येक सुमारे २.१ व्होल्टचा. एक सेल शॉर्ट झाला की तेवढे व्होल्ट थेट कमी होतात. रात्रभर चार्जिंगला लावूनही बॅटरी १०.५ वरच अडत असेल तर सेल गेला असं समजा. वॉरंटीत सहसा सर्वांत कमी वाद होतो तो या दोषावर.

दुसरं माप स्टार्ट मारताना. मीटर टर्मिनलवर धरून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. भरलेली चांगली बॅटरी क्रँकिंगच्या वेळी ९.६ व्होल्टच्या वर राहायला हवी. आधी १२.६ दिसणारी बॅटरी चावी फिरवताच दोन-चार व्होल्टवर कोसळते आणि चावी सोडली की पुन्हा १२.५ वर येते, असं झालं तर आतला जोड निसटलेला असू शकतो. हाही निर्मितीतलाच दोष, पण नुसतं व्होल्टेज बघणारा माणूस ‘बॅटरी ठीक आहे’ म्हणून निघून जातो. क्रँकिंगच्या वेळी मीटरचा व्हिडिओ काढून ठेवा.

तिसरं माप इंजिन सुरू असताना. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. १३.२ च्या खालीच रेंगाळत असेल तर अल्टरनेटर, बेल्ट किंवा वायरिंग बघून घ्या. १५ च्या वर सतत जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय आणि तो बॅटरीतलं पाणी उकळून संपवतोय. नव्या गाड्यांत अल्टरनेटरवर ईसीयूचं (इंजिनच्या संगणकाचं) नियंत्रण असतं, त्यामुळे कधीकधी १२.८ दिसलं तरी घाबरू नका. हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू करून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर चार्जिंग ठीक आहे.

चौथं माप बऱ्याच जणांकडून राहून जातं आणि नेमकी तिथेच चोरी सापडते. गाडी बंद असताना किती करंट वाहतो ते पाहायचं. काळा क्लॅम्प काढा, मीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून क्लॅम्प आणि निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. दारं बंद, गाडी लॉक, आणि तीस-चाळीस मिनिटं थांबा, कारण गाडीतले कंट्रोलर झोपायला तेवढा वेळ घेतात. या काळात इग्निशन लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर ठीक.

२०० मिलिअँपिअर दिसला तर हिशेब करा: ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे क्षमतेचं माप) बॅटरी १७५ तासांत, म्हणजे आठवड्याभरात पूर्ण रिकामी, गाडी सुरू व्हायची बंद होते ती त्याच्या बऱ्याच आधी. गुन्हेगार बहुधा नंतर बसवलेला असतो: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, मोठा ॲम्प्लिफायर, स्वस्तातला रिव्हर्स कॅमेरा. तो काढेपर्यंत बॅटरी कितीही वेळा बदला, पुन्हा बसणारच. शहरात आठवड्याला दोनदा चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचंही असंच होतं. खर्च झालेला चार्ज भरून निघायला तेवढा वेळच मिळत नाही.

बॅटरीवरच्या ‘मॅजिक आय’ या गोल खिडकीवर फार विसंबू नका. हिरवा रंग चांगला हे खरं, पण ती खिडकी सहांपैकी एकाच सेलमधलं दाखवते.

आता चारही मापं कागदावर तारखेसह लिहा. गाडीची बाजू स्वच्छ असेल, म्हणजे चार्जिंग ठीक आणि बंद गाडीत करंटची गळती नाही, तरच पुढे जा.

तक्रार नोंदवताना

ग्राहक सेवेचा नंबर बॅटरीवरच्या स्टिकरवरून, वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून वर दिसेल त्या नंबरला फोन लावण्याची सवय महागात पडते. बनावट ‘कस्टमर केअर’वाले तक्रार नोंदवायला दहा रुपये भरा म्हणतात, स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात आणि खातं रिकामं करतात. वॉरंटीची तक्रार नोंदवायला ओटीपी किंवा यूपीआय पिन सांगावा लागत नाही.

बोलताना लक्षणं सांगा, निदान नको. ‘बॅटरी खराब आहे, बदलून द्या’ यापेक्षा ‘रात्रभर चार्ज करूनही १०.६ व्होल्ट, क्रँकिंगला ७ वर जाते, अल्टरनेटर १४.२ देतोय’ हे ऐकणाऱ्याला पटतं. तक्रार क्रमांक घ्या आणि लगेच तोच मजकूर बिलासकट ईमेल करा. तोंडी तक्रारीला पुढे कोणी विचारत नाही.

वॉरंटी संपायला दोन-तीन दिवसच उरले असतील तर तपासणीची वाट न बघता आजच नोंद करा. महत्त्वाची असते ती तक्रारीची तारीख. तंत्रज्ञ नंतर आला तरी चालतं.

तपासणीत काय होतं

तंत्रज्ञ आधी नंबर आणि तारीख पाहतो, मग कवच: फुगलंय का, तडा आहे का, टर्मिनलवर हातोडीच्या खुणा आहेत का. त्यानंतर हातातल्या टेस्टरने मोजणी. टेस्टरवर साधारण चार-पाच निकाल येतात: ‘गुड’, ‘गुड, रिचार्ज’, ‘चार्ज अँड रिटेस्ट’, ‘रिप्लेस’ आणि ‘बॅड सेल’. यातल्या ‘चार्ज अँड रिटेस्ट’चा अर्थ इतकाच की बॅटरी फार उतरल्यामुळे मशीनला निर्णय देता येत नाही. तो नकार नाही. टेस्टरमध्ये तुमच्या बॅटरीचं सीसीए रेटिंग (थंडीत गाडी सुरू करताना बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा) बरोबर भरलंय का ते शेजारी उभं राहून बघा. कमी आकडा भरला तर मेलेली बॅटरीही ‘गुड’ येते.

पुढे बॅटरी केंद्रात चार्जिंगला जाते. करंट क्षमतेच्या साधारण दहावा हिस्सा ठेवतात, म्हणजे ३५ एएचला साडेतीन अँपिअर. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला दहा-बारा तास सहज लागतात. मग काही तास विश्रांती आणि लोड टेस्ट, म्हणजे भार दिल्यावर व्होल्टेज किती पडतं ते पाहणं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलच्या ॲसिडची घनता मोजतात. पाच सेल १.२४० आणि एकच १.१५० असेल तर सेल गेलाय. सहाही सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी उपाशी राहिलीय. अशा बॅटरीचा निकाल बहुधा या आकड्यांवर लागतो, म्हणून ते अहवालात लिहून मागा.

दोन-तीन दिवस गाडी बंद ठेवणं परवडत नसेल तर ‘सर्व्हिस बॅटरी’, म्हणजे तेवढ्यापुरती वापरायची बॅटरी, मागा. बहुतेक अधिकृत केंद्रं ती देतात, काही अनामत घेतात. तुमची बॅटरी देताना मालिका क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नका.

नकार आला तर

‘बॅटरी डिस्चार्ज आहे, दोष नाही’ हे उत्तर चूक असेलच असं नाही. बॅटरी चार्ज करून परत घ्या, गाडीत लावा आणि चार-पाच दिवस रोज सकाळी व्होल्टेज लिहा. गाडीत गळती नसताना आकडा १२.६ वरून दोन दिवसांत १२.१ वर येत असेल तर ती नोंद घेऊन पुन्हा तक्रार करा. दुसऱ्या खेपेला पारडं तुमच्या बाजूला झुकतं.

‘जास्त चार्जिंगने फुगली’ म्हणाले तर अल्टरनेटरचं तुमचं माप दाखवा. पण बॅटरी खरोखर फुगलेली असेल आणि अल्टरनेटर १५ च्या वर देत असेल, तर हा दावा सोडून द्या आणि रेग्युलेटर दुरुस्त करा.

‘चुकीचं मॉडेल बसवलंय’ हा नकार ऑनलाइन खरेदीत नेहमी येतो. गाडीला सांगितलेल्या क्षमतेपेक्षा लहान बॅटरी स्वस्त म्हणून घेतलेली असते, किंवा सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएमऐवजी (अशा गाड्यांसाठीच्या जास्त दमदार बॅटऱ्या) साधी बॅटरी टाकलेली असते. यात कंपनीची चूक नाही. मात्र विक्रेत्याच्या साइटवर तुमच्या गाडीचं नाव निवडल्यावर तीच बॅटरी सुचवली असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून विक्रेत्यावर दावा करता येतो.

टॅक्सी म्हणून चालणाऱ्या गाड्यांना वॉरंटी कमी असते किंवा नसते. पिवळ्या पाटीची गाडी असताना खासगी म्हणून नोंद केली असेल तर ते आरसीत लगेच उघडं पडतं.

प्रो-रेटाचं गणित

‘३०+३०’ लिहिलेली वॉरंटी पाच वर्षांची मोफत हमी नसते. पहिले ३० महिने मोफत बदल, पुढचे ३० महिने एमआरपीवर सवलत (हाच प्रो-रेटा), आणि ही सवलत महिन्यागणिक उतरत जाते. समजा एमआरपी ६,००० रुपये, ४२ व्या महिन्यात सवलत २५ टक्के. म्हणजे तुम्ही ४,५०० भरता आणि जुनी बॅटरीही त्यांच्याकडे जाते. तीच बॅटरी जुनी देऊन बाजारात ४,६०० ला मिळत असेल तर सगळ्या धावपळीची कमाई शंभर रुपये. म्हणून आधी कार्डावरचा तक्ता आणि आजची बाजारातली किंमत शेजारी ठेवा. सवलतीत मिळालेल्या बॅटरीला पूर्ण नवी वॉरंटी मिळणार का, हेही लेखी विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर बाजारातूनच घेतलेली बरी.

वर कुठे जायचं

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याकडे आणि मार्केटप्लेसकडे तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल साइटच्या तळाशी असतो.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण मोठ्या कंपन्यांपर्यंत तक्रार थेट पोचवते, आणि केंद्रात अडलेलं काम पुष्कळदा इथेच सुटतं.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून जातो. पाच हजारांच्या बॅटरीसाठी इतकं करायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. बहुधा पंधरा दिवसांची मुदत देणारी, मापं आणि अहवाल जोडलेली लेखी नोटीस पुरते. तपासणीचा अहवाल हाती नसेल तर मात्र आयोगापुढे दोष सिद्ध करणं जड जातं.

बदलून आलेली बॅटरी घेताना

मोफत बदललेल्या बॅटरीला सहसा नवी वॉरंटी नसते, जुनीच पुढे चालते. १० जून २०२४ ला ‘२४+२४’ची बॅटरी घेतली आणि ती मार्च २०२६ मध्ये बदलून मिळाली, तर मोफत बदलाची मुदत जून २०२६ लाच संपते. नवा मालिका क्रमांक कंपनीच्या नोंदीत तुमच्या गाडीवर चढला आहे, असा संदेश आल्याशिवाय केंद्र सोडू नका.

बॅटरीवरचा निर्मितीच्या तारखेचा कोड पाहा आणि मीटर लावा, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून मागा. मॉडेलच्या शेवटचं अक्षरही तपासा. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर दिसायला सारख्याच, पण प्लस-मायनसच्या बाजू उलट असतात आणि केबल ओढून बसवली की ती ताणलेली राहते. काढताना काळी तार आधी, बसवताना लाल आधी. वरची पट्टी घट्ट आवळा. हलती बॅटरी खड्ड्यांत आतल्या प्लेट्स झाडून टाकते. जोडणी झाल्यावर घड्याळ आणि एका झटक्यात वर जाणाऱ्या काचा पुन्हा सेट कराव्या लागतात. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावीही लागते, नाहीतर अल्टरनेटर जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्ज करत राहतो.